रेमोची दुसरी ध्वनिफीत आणि आपली गाणी

गायकाच्या पहिल्या ध्वनिफितीचे कौतुक सगळेच करतात. घरचे करतात, मित्र करतात, गावचे वर्तमानपत्रही दोन ओळी छापते. पण पहिल्या कामात माणूस मनात वर्षानुवर्षे साठवलेले सगळे ओतून मोकळा होतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आता शिल्लक काय उरले? पहिल्या ध्वनिफितीत गायक ‘मी आलो आहे’ एवढेच सांगतो. दुसरीत तो कुठून आला हे त्याला सांगावे लागते. म्हणून कलावंताची पारख त्याच्या दुसऱ्या कामावरून करावी, असे माझे मत आहे.

प्रस्तुत लेख अशाच एका दुसऱ्या ध्वनिफितीविषयी आहे. ती १९८५ साली निघाली. तिचे नाव ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आणि गायकाचे नाव रेमो फर्नांडिस. आज ध्वनिफिती कुणी विकत घेत नाही आणि माझ्या वयाच्या पुष्कळांनी ती वस्तू हातातही धरलेली नाही. तरीही त्या जुन्या ध्वनिफितीत आपल्या सीमाभागातल्या मुलामुलींसाठी एक उपयोगाचा धडा आहे, असे मला वाटते. तो कोणता, हे सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी देतो.

बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. आपल्या भागातली भाजी रोज त्या घाटाने खाली जाते आणि सुट्टी लागली की आपले लोकही खाली जातात. पण गोव्याहून वर काय येते? मासळी येते, काजू येतो आणि समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो येतात. गोव्याचे गाणे मात्र घाट चढून फारसे आपल्याकडे आले नाही. आले ते मुंबईला वळसा घालून, आणि तेही नाव बदलून.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल १५१० पासून १९६१ पर्यंत होता. त्या काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोटासाठी गोव्याची माणसे मुंबईत आली तेव्हा हे शिक्षण त्यांच्या उपयोगी पडले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक भरले होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता आणि सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहीत असे. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतल्या गाण्यांवर लॅटिन अमेरिकेतल्या नाचांच्या ठेक्यांची छाप स्पष्ट ऐकू येते. सी. रामचंद्र तर नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, अस्सल मराठी माणूस. म्हणजे स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या जगाचा ठेका आपल्या आजोबांच्या पिढीने डोलत डोलत ऐकला होता. त्याला ‘लॅटिन’ म्हणतात एवढेच त्यांना कुणी सांगितले नव्हते.

हे सारे वादक दुसऱ्याच्या गाण्याला साज चढवत राहिले. पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच आले. रेमो त्यांच्या नंतरच्या पिढीतला. जन्म १९५३ चा, गाव बार्देश तालुक्यातले शिवोली. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्याने मुंबईच्या जे. जे. मध्ये घेतले. मग सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेल त्या गाडीला हात दाखवत भटकला आणि पुन्हा शिवोलीला येऊन राहिला. शिकलेला, जग पाहिलेला तरुण गावी परत येतो आणि गावीच राहतो, ही गोष्ट आजही विरळा. तेव्हा तर ती वेडेपणाचीच मानली गेली असणार.

१९८४ साली त्याची पहिली ध्वनिफीत निघाली, ‘गोअन क्रेझी’. ती कुठल्याही मोठ्या कंपनीने काढलेली नव्हती. शिवोलीच्या घरात, चार पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनी घेणाऱ्या एका छोट्या यंत्रावर त्याने ती एकट्याने तयार केली. गाणी त्याची, चाली त्याच्या, सगळी वाद्ये त्यानेच वाजवलेली, सगळे आवाज त्याचेच, वेष्टनावरचे चित्रही त्याचेच. ध्वनिफिती तयार झाल्यावर स्वतःच्या स्कूटरवर घालून त्याने त्या गोव्यातल्या दुकानांत नेऊन दिल्या आणि त्या खपल्या. गाणी मुख्यतः इंग्रजीत होती, विषय गोव्याचे होते.

आता पुढची पायरी पाहा. पहिली ध्वनिफीत चालली तर दुसरी तशीच काढावी, हा बाजाराचा साधा नियम आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो पहिल्याच वर्षी शिकवतात: खपणाऱ्या मालात बदल करू नये. रेमोने मात्र दुसऱ्या खेपेला गोव्याची जुनी, परंपरेने चालत आलेली गाणी घेतली. कोकणीतली घेतली आणि पोर्तुगीजमधलीही घेतली. ज्या गाण्यांवर आजीने नातवाला झोपवले, ज्यांवर लग्नात माणसे नाचली, ती त्याने आपल्या पद्धतीने, आपल्या काळच्या वाद्यांवर पुन्हा गायली.

यात मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते ती नावात. ‘गोअन’ म्हणजे गोव्याचे. त्या नावात भाषा नाही, गाव आहे. निवडीची कसोटी ‘हे गाणे कोणत्या भाषेत आहे’ ही नव्हती. ‘हे गाणे आपल्या अंगणात म्हटले जात होते का’ ही होती. पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा होती आणि ते राज्यकर्ते १९६१ मध्ये गेले. ते गेले म्हणून त्या भाषेत गायली गेलेली घरातली गाणी परकी ठरवायची का? रेमोने तसे ठरवले नाही. आणि कोकणी ही घरगुती, अडाणी भाषा म्हणून तिला बाजूला ठेवायचे का? तसेही त्याने केले नाही.

तो काळ कोणता होता हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते. गोव्यात भाषेवरून वातावरण तापलेले होते. १९६७ च्या जानेवारीत झालेल्या सार्वमतात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाकारले होते, पण राजभाषा कोकणी की मराठी हा वाद त्यानंतरही धुमसतच राहिला. १९८५ नंतर तो रस्त्यावर आला आणि १९८६ च्या डिसेंबरात त्याला हिंसक वळण लागून माणसे मेली. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले. अशा काळात ‘गोव्याची गाणी’ म्हणून दोन भाषांतली गाणी एका फितीत ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. सभेतल्या भाषणाने माणसे दोन बाजूंना बसतात. ही फीत सुरू केली की दोन्ही बाजूंची माणसे एकाच बाकावर बसून ऐकू शकत होती.

वाचकहो, आता आपल्याकडे वळू.

आपला प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा आहे. राज्यांची पुनर्रचना झाली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो दावा आजही निकालात निघालेला नाही. आपल्या आजोबांनी मोर्चे काढले, आपल्या वडिलांनी पाहिले, आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या दाव्याविषयी मत देणे हा या लेखाचा हेतू नाही. मला बोलायचे आहे ते या दाव्याची सावली आपल्या गाण्यावर कशी पडते याविषयी.

सीमाभागातल्या कोणत्याही स्नेहसंमेलनाच्या आधीची तयारी आठवा. गाण्यांची यादी होते. मग कुणीतरी बोट ठेवून मोजू लागतो: मराठी किती, कन्नड किती? एक जास्त झाले की कुजबुज, एक कमी झाले की तक्रार. शेवटी तडजोड म्हणून चार हिंदी चित्रपटगीते घुसतात आणि सगळ्यांचे समाधान होते. म्हणजे आपले भांडण मिटवायला आपण तिसऱ्याचे गाणे बोलावतो. संमेलन पार पडते, टाळ्याही पडतात. पण या मातीतले एकही गाणे त्या रात्री रंगमंचावर आलेले नसते. ना मराठी, ना कन्नड.

हा तोटा कुणी हिशेबात धरत नाही. कारण ज्या गाण्यांची मोजदाद होते ती सगळी पुण्या-मुंबईची किंवा बेंगळुरूची असतात. निपाणीच्या वखारीत तंबाखूचे काम करताना, विड्या वळताना बायांनी म्हटलेली गाणी त्या यादीत नसतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडक्याच्या ठेक्यावर जी गाणी होतात तीही नसतात. त्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडचे भक्त मराठीत गातात, धारवाड-विजापूरकडचे कन्नडमध्ये गातात. दोन्हीकडे चौंडके तेच, देवी तीच, भंडारा तोच. आणि सीमेवरच्या गावांतले गाणारे तर एका भाषेतून दुसरीत अशा सहजतेने जातात की ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

जात्यावरच्या गाण्यांचेही तसेच. मराठी बाई ओवी म्हणत होती, कन्नड बाई बीसुकल्लिन पद म्हणत होती. दोघींच्या हातात खुंटा, दोघी पहाटे उठलेल्या, दोघींच्या गाण्यात माहेर, भाऊ आणि पांडुरंग किंवा मल्लय्या. गिरणी आली आणि दोघींचे जाते एकदमच थांबले. यंत्राने भाषा पाहिली नाही.

आणि मोठ्यांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८० मध्ये त्यांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. जुन्या नाट्यपदांच्या कित्येक चाली कर्नाटकातून उचललेल्या आहेत. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीला कन्नड घरात जन्मले. त्यांनी देवासला राहून माळव्याची लोकगीते गोळा केली, कबीर गायला आणि मराठी श्रोत्यांपुढे बालगंधर्वांची पदे नव्याने मांडली. भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’ मराठीत गायली आणि ‘दासवाणी’ कन्नडमध्ये. पंढरीचा विठ्ठल तोच आणि आवाज तोच. या माणसांना आपण कोणत्या रकान्यात घालणार? त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावताना आपल्याला अडचण येत नाही. यादी करताना मात्र लगेच रकाने आखले जातात.

सीमेवरच्या गायकाची ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मेक्सिकन वंशाची मोठी वस्ती आहे. तिथल्या सेलेना या गायिकेची दुसरी ध्वनिमुद्रिका ‘व्हेन कॉन्मिगो’ १९९० साली निघाली आणि तिचे नाव पसरू लागले. सेलेना वाढली इंग्रजीत. स्पॅनिश गाणी तिला वडिलांनी शिकवली. भाषेवर तिची पकड पुढे हळूहळू बसली. पण गाण्याचा घाट मात्र टेक्सासच्या सीमेवरचाच होता, ‘तेहानो’ नावाचा. त्यात मेक्सिकन कोरिदो होते, जर्मन वसाहतवाल्यांकडून आलेली अकॉर्डियन होती आणि पोल्काचा ठेका होता. १९९५ च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी तिचा खून झाला. त्यानंतर आलेल्या तिच्या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्याच आठवड्यात पहिले स्थान घेतले. सीमेवरचे गाणे म्हणजे दोन्हीकडचे उष्टे नव्हे, ते तिसरे आणि पूर्ण असे गाणे असते, हे त्या मुलीने दाखवून दिले.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. त्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप गंभीर आहे. तो असा: ‘ज्याला आपल्या भाषेतला कागद मिळत नाही, ज्याच्या भाषेची शाळा ओस पडते आहे, त्याला तू गळ्यात गळा घालून गायला सांगतोस?’ मी स्वतः मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो आहे आणि शाळेतला पट कमी होताना पाहिला आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी घटनेच्या ३५०-अ कलमाने राज्यावर टाकली आहे. तो हक्क मागायलाच हवा आणि तो गाणे म्हणून मिळणार नाही. पण हक्क मागणे आणि गाणे सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेमोचेच पाहा. १९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता त्याने त्यांच्या समोर, भर समारंभात, गोव्याच्या तक्रारी गाण्यातून मांडल्या. दोन भाषांत गाणारा माणूस बोटचेपा असतो असे मुळीच नाही. उलट, ज्याच्या पाठीशी आपल्या गावची गाणी आहेत त्याचा आवाज सभेत अधिक दूर जातो.

दुसरा आक्षेप असा की रेमो तरी कुठे टिकला? दुसऱ्या ध्वनिफितीनंतर त्याने ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) मोठ्या कंपनीकडून काढल्या, त्या इंग्रजीत. ‘जलवा’ने (१९८७) आणि मग ‘बॉम्बे’ चित्रपटातल्या गाण्याने (१९९५) त्याला देशभर नाव दिले. ‘ओल्ड गोअन गोल्ड’ त्या मानाने गोव्याबाहेर कुणाला ठाऊक? हे खरे आहे. पण या क्रमाकडे नीट पाहा. देशभर जाण्याआधी त्याने आपल्या आजीची गाणी एकदा नीट गाऊन ठेवली. त्यानंतर तो कुठेही गेला तरी ‘गोव्याचा रेमो’ म्हणूनच गेला. २००७ साली त्याला पद्मश्री मिळाली तीही त्याच नावाने. बाहेर पडणाऱ्याने आधी उंबरठा ओळखावा, मग तो ओलांडावा.

तिसरा आक्षेप विद्यार्थी मित्रांचा: ‘जुनी गाणी आता ऐकतो कोण?’ त्याला माझे उत्तर हे की जुनी गाणी जुन्या पद्धतीनेच म्हणा असा माझा आग्रह नाही. रेमोने ती गिटारवर घेतली. तुम्ही हव्या त्या वाद्यावर घ्या. मात्र आपल्या वरातीत डीजेवर आज जे चालते त्याला मी नवे रूप म्हणणार नाही. तिथे जुन्या चालीची एक ओळ उचलतात, तिच्याखाली एकच धडधड घालतात आणि मूळ गाणारीचे नाव कुणी विचारत नाही. नवे करायला आधी जुने पूर्ण ऐकावे लागते.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला साजेशा मुद्द्यावर येतो: खर्च. रेमोने वापरले त्या जातीचे चार पट्ट्यांचे घरगुती यंत्र जपानच्या टॅस्कॅमने प्रथम १९७९ साली बाजारात आणले. त्याआधी ध्वनिमुद्रण म्हणजे मोठा स्टुडिओ, मोठा खर्च आणि कंपनीची मेहेरबानी. ते यंत्र साध्या कॅसेटवर चालत असे, आणि त्यामुळे शिवोलीसारख्या खेड्यातून ध्वनिफीत निघू शकली. त्याच सुमारास भारतात कॅसेटचा सुळसुळाट झाला, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि प्रल्हाद शिंद्यांसारख्यांची गाणी खेडोपाडी पोहोचली. यंत्र स्वस्त झाले की लहान गावाला आवाज फुटतो, असा हा अनुभव आहे.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातला फोन त्या यंत्राहून कितीतरी सरस आहे. कॅसेटच्या काळात प्रत्येक प्रतीला कोऱ्या कॅसेटचा खर्च येई. आज पहिली प्रत तयार झाल्यावर दुसरीला जवळपास काहीच खर्च नाही. मग अडले कुठे? अडले ते स्कूटरवर. गाणे तयार करून जालावर टाकले की काम संपले असे आपण समजतो, आणि ते लाखो गाण्यांच्या ढिगात पडून राहते. रेमोने दुकान न् दुकान पालथे घातले. १९८१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. स्कूटरच्या टप्प्यात बसेल एवढाच त्याचा बाजार. आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर होती. म्हणजे त्याच्यापेक्षा चौपटीहून मोठा बाजार आपल्या दारात आहे, आणि आपण म्हणतो इथे ऐकणारे नाहीत!

म्हणून या अंकातून एक सूचना मांडतो. आपल्या महाविद्यालयाने या वर्षी सीमाभागातल्या गाण्यांचा एक संग्रह ध्वनिमुद्रित करावा. गाणी दहाच असोत. पण निवड भाषेवर करू नये, गावावर करावी. एका गावाचे एक गाणे: निपाणीचे एक, संकेश्वरचे एक, खानापूरचे एक, बैलहोंगलचे एक, असे. त्या गावचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आपल्या आजीकडे, गल्लीतल्या भजनी मंडळाकडे, गीगी पद म्हणणाऱ्या मेळ्याकडे जाईल आणि गाणे घेऊन येईल. ज्या गावाचे गाणे मराठीत निघेल ते मराठीत, कन्नडमध्ये निघेल ते कन्नडमध्ये, दोन्ही भाषा मिसळलेले निघेल ते तसेच. मग मोजदादीला जागाच उरणार नाही.

हे काम करताना तीन पथ्ये पाळावीत. गाणारीचे नाव, गाव आणि तिला ते गाणे कुणाकडून मिळाले हे नोंदवावे. तिची परवानगी घ्यावी. परंपरेच्या गाण्याला मालक नसला तरी गाणाऱ्याचा आपल्या गायनावर हक्क असतो आणि १९९४ पासून तो आपल्या प्रताधिकार कायद्यातही आहे. आणि जे उत्पन्न होईल, मग ते पन्नास रुपये का असेना, त्यातला वाटा तिला पोहोचवावा. अशा कामाला नमुना आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीमागे गाणारीचे नाव व गाव ठेवले. त्यांनी लाख केल्या. आपल्याला दहा जमू नयेत?

घाई मात्र केली पाहिजे. ज्या बायांनी जात्यावर बसून ही गाणी म्हटली त्या आज सत्तरीच्या, ऐंशीच्या आहेत. न्यायालयातला दावा आणखी काही वर्षे थांबू शकतो, कागद फायलीत टिकतो. गळ्यातले गाणे फायलीत टिकत नाही. एका म्हातारीबरोबर किती गाणी गेली याची नोंद कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात होत नाही.

शेवटी एक साधी गोष्ट. आपल्या या अंकाला मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. मराठी विभाग वाचणारे किती जण पाने उलटून कन्नड विभागात जातात, आणि तिकडचे किती जण इकडे येतात? आपल्यापैकी बहुतेकांना दोन्ही भाषा समजतात, पुष्कळांना दोन्ही वाचता येतात. तरीही आपण अर्धाच अंक वाचून तो माळ्यावर टाकतो. पुढच्या वर्षीच्या अंकाबरोबर त्या दहा गाण्यांचा संग्रह निघाला तर त्याला दोन विभाग नसतील. तो पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत एकसलग ऐकावा लागेल. संमेलनाच्या समितीने आणि प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा. गाणी आणायला जायचे झाल्यास निपाणीकडच्या गावांचे काम मी माझ्याकडे घेतो.